गुळवेलीचा काढा, बचत गटाचं चूर्ण आणि तपासणीचा दाखला

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात राहतात. त्यांच्या सासूबाई परसातल्या कडुलिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे. गोळ्या चालू ठेवून ते सात महिने रोज सकाळी हा काढा घेतात आणि त्यांची उपाशीपोटीची साखर १९० वरून १३८ वर आली आहे. गावातले साठेक लोकही काढा नेतात, कुणाला त्रास झाल्याचं ऐकिवात नाही. आता बचत गटाला या वेलीचं चूर्ण ‘साखरेवरचं औषध’ म्हणून विकायचं आहे. फार्मसी शिकणारा भाचा म्हणतो, आधी तपासून घ्या. यावर सासूबाई दुखावल्या आहेत : ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याची आता परीक्षा घेणार का?’ पत्रलेखिका विचारतात, “चूर्ण कुठल्या प्रयोगशाळेत पाठवलं की ते सुरक्षित आणि गुणकारी असल्याचा दाखला मिळेल? आणि सासूबाईंना काय सांगू?”

ताई,

तुम्हाला हवा आहे तसा दाखला कुठलीच प्रयोगशाळा देत नाही. चूर्ण पाठवलंत तर शिसं किती, आर्सेनिक किती, जाळल्यावर राख किती, जिवाणू आणि बुरशी किती, असा अहवाल येईल. तो मोलाचा आहे, पण तो फक्त चूर्ण स्वच्छ आहे की नाही एवढंच सांगतो. ते पोटात गेल्यावर यकृताचं काय होतं आणि साखर खरंच उतरते का, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसतं. बाजारात मात्र तोच कागद पुढे करून ‘लॅब टेस्टेड, संपूर्ण सुरक्षित’ म्हणण्याची रीत पडली आहे. त्यामुळे तुमचा असा समज झाला असेल तर त्यात नवल नाही.

पुढचं सावकाश वाचा, पण एक काम याच आठवड्यात करा. सासऱ्यांच्या यकृताची रक्ततपासणी करून घ्या : एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि बिलिरुबिन. त्यांच्या डॉक्टरांना काढ्याबद्दलही सांगा. घरचा काढा म्हणजे औषध नव्हे असं समजून लोक तो सांगत नाहीत, आणि डॉक्टरांच्याही विचारायचं राहून जातं. सासऱ्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखं साखर जोराने उतरवणारं औषध असेल आणि काढ्याचाही खरोखर परिणाम होत असेल, तर दोन्ही मिळून साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणं. वयस्कर माणसाला हे पहाटे झोपेत झालं तर घरात कुणाला कळतही नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. परंपरा हाही एक पुरावाच आहे, तो झटकून टाकू नका. ज्या वनस्पतीने खाल्ल्याबरोबर उलट्या होतात, चक्कर येते, माणूस दगावतो, ती लोक लगेच ओळखतात आणि सोडून देतात. लगेच दिसणारा धोका परंपरेने चाळून काढलेला असतो. पण उशिरा येणारा, क्वचित होणारा किंवा साध्या दुखण्यासारखा दिसणारा त्रास तिच्या हाती लागत नाही. पंधरा वर्षांनी मूत्रपिंड निकामी झालं तर त्याचा संबंध पूर्वी घेतलेल्या मुळीशी कोण जोडणार? अ‍ॅरिस्टोलोकिया वर्गातल्या वनस्पती जगभर शतकानुशतकं औषधात होत्या. आपल्याकडचं ईश्वरमूळ त्याच वर्गातलं. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला, तेव्हा कुठे धोका सगळ्यांच्या ध्यानात आला. यात परंपरेची लबाडी नव्हती. तिच्याकडे नोंदवही नव्हती, एवढंच.

‘साठ जणांना काही झालं नाही’ या वाक्याचंही वजन करून बघू. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. जितक्या लोकांत एकही त्रास दिसला नाही, त्या आकड्याने ३ ला भागायचं. ३ भागिले ६० म्हणजे पाच टक्के. वीस जणांत एकाला त्रास होत असेल तरीसुद्धा साठ जणांत एकही न दिसणं शक्य आहे, असा त्याचा अर्थ. शिवाय या साठांपैकी कितीजण रोज घेतात, कितीजण ताप आला की दोन दिवस घेतात, आणि कितीजणांनी त्रास झाल्यावर गुपचूप बंद केलं, याची नोंद कुठेच नाही.

गुळवेलीच्या बाबतीत ही शंका नुसती पुस्तकी राहिलेली नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सहाही जणांच्या यकृताला सूज होती, आणि ती शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. काहींना आधीपासून थायरॉइडचा विकार किंवा मधुमेह होता. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस होता, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याआधी आणि निम्म्यांना त्यानंतर त्रास दिसला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी नेमकी कोणती वेल घेतली याची नीट ओळख पटवलेली नव्हती. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल यकृताला घातक ठरू शकते, खरी गुळवेल सुरक्षित आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं. या वादात तुम्हाला बाजू घ्यायची गरज नाही. दोन्ही बाजूंकडून एकेक गोष्ट उचला : वेल ओळखल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि ओळख पटली तरी सहा आठवड्यांच्या आसपास यकृताची तपासणी चुकवायची नाही.

यकृताला बळ देणारी म्हणून ख्याती असलेली वेल यकृतालाच सूज कशी आणेल, असं वाटतं खरं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना ती देऊन पाहिली आणि १९९३ साली आलेले निष्कर्ष आशादायक होते. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, तिला चेतवल्याने फायदा होतो. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे, त्याच्यात तेच चेतवणं आगीत तेल ठरू शकतं. म्हणून आमवात, ल्युपस, सोरायसिस, प्रतिकारशक्तीमुळे होणारा थायरॉइडचा विकार, यकृताचा जुना आजार, अवयव प्रत्यारोपण यांपैकी काही असणाऱ्याला, आणि गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या बाईला हा काढा तुमच्या घरून जाऊ देऊ नका. गुण आणि दोष इथे एकाच मुळातून आले आहेत.

म्हणूनच ‘गुळवेल सुरक्षित आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणती वेल, तिचा कोणता भाग, कसा तयार केलेला, किती, कुणाला, किती दिवस, एवढं ठरलं की मगच तो प्रश्न तपासता येतो.

ओळखीपासून सुरुवात करा. बोटाएवढ्या जाडीचं कांड घ्या. वरची साल कागदासारखी पातळ असते, नखाने सुटते आणि खाली हिरवा थर दिसतो. कांड आडवं कापलंत की आऱ्यांसकट बैलगाडीचं चाकच समोर येतं. संस्कृतात तिला चक्रलक्षणिका म्हणतात ते यावरूनच. कापल्या जागी बोटाला बुळबुळीत चिकटा लागतो. पण एवढ्यावर थांबू नका, कारण असं चाक तिच्या जवळच्या इतर वेलींतही दिसतं. क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी उठलेल्या असतात आणि तोडल्यावर दुधाळ चीक येतो. तिचं फळ नारिंगीकडे झुकतं, गुळवेलीचं पिकलं की लालभडक होतं. पानाच्या खालच्या बाजूला दाट लव असेल तर ती बहुधा पद्म गुळवेल, तीही वेगळी जात. एक अडचण आधीच सांगून ठेवते. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. तुमच्या परसातली नर असेल तर तिला फळ कधीच धरणार नाही, आणि फळाची वाट पाहण्यात दिवस जातील. फुलोरा उन्हाळ्यात येतो, बहुतेक वेळा पानं झडलेली असताना. तेव्हा फुलांसकट फांदी तोडा, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये सपाट दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत कागद रोज बदला. तसं केलं नाही तर ती काळी पडते आणि बुरशी धरते. त्याच वेलीची पानं आधी, ती हिरवी असताना, वेगळी दाबून ठेवा. सोबत चिठ्ठी हवी : तारीख, जागा, कोणत्या झाडावर चढली आहे, फुलांचा रंग. हा नमुना पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळखीसाठी देता येतो. चूर्ण घेऊन गेलात तर हे काम फार अवघड होतं. दळलेल्या वस्तूत ना पान, ना फूल, ना चाक.

पुढचा मुद्दा तुमच्या गटाने नजरेआड केला आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सासूबाईंचा अनुभव काढ्याचा आहे. तुम्ही विकणार आहात चूर्ण. काढ्यात पाण्यात उतरतं तेवढंच पोटात जातं, चोथा फेकला जातो. चूर्णात सगळं कांड जातं. बाजारातल्या गुळवेलीच्या गोळ्यांमध्ये अल्कोहोलने काढलेला अर्क असेल तर तो आणखी तिसराच पदार्थ. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. काढ्याची रीत ग्रंथांत माप देऊन सांगितली आहे. शार्ङ्गधर या जुन्या वैद्यक ग्रंथकाराच्या मापाने भरड औषधाच्या सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. ओली वनस्पती घेताना एरवी मात्रा दुप्पट करतात, पण गुळवेल नेहमी ओलीच घ्यावी आणि दुप्पट करू नये, असंही तिथे स्पष्ट आहे. आयुर्वेदिक औषधकोशात काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम आणि चूर्ण ३ ते ६ ग्रॅम अशी मात्रा आहे. सासूबाई ‘वीतभर कांड’ घेत असतील तर सात दिवस रोजचं कांड काट्यावर तोलून लिहून ठेवा. पावसाळ्यातलं कोवळं कांड आणि उन्हाळ्यातलं जून कांड वीतभरच असलं तरी वजनात बराच फरक पडेल. त्या सात आकड्यांतूनच तुम्हाला कळेल की ‘काढा’ या एका शब्दाखाली रोज वेगळं काही तयार होतंय.

चूर्णाचा घोळ बहुतेक वेळा वाळवणीत होतो. कांडातल्या चिकट रसामुळे वरून खडखडीत दिसणारा तुकडा आत ओलाच राहतो, आणि बरणीत आठवड्याभरात त्याला कुबट वास येतो. लोंबणारी मुळं काढून टाका, कांडं धुवा, बोटाच्या पेराहून आखूड तुकडे करा, जाड कांड उभं चिरा आणि सावलीत जमिनीपासून उंच जाळीवर पसरा. वाकवल्यावर तुकडा वाकला तर अजून वेळ आहे, कट्‌ असा मोडला तर झालं. रस्त्याकडेची, फवारणीच्या शेताच्या बांधावरची किंवा गटाराजवळची वेल अजिबात घेऊ नका. तिथलं शिसं आणि कीटकनाशक धुऊन जात नाही.

यानंतर प्रयोगशाळा. औषधकोशानुसार गुळवेलीत बाहेरचा कचरा २ टक्क्यांपेक्षा, एकूण राख १६ टक्क्यांपेक्षा आणि आम्लात न विरघळणारी राख ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ही शेवटची वाढली की माती-वाळू राहिली असं समजायचं. पाण्यात उतरणारा अंश ११ टक्क्यांपेक्षा कमी नको. तो कमी भरला तर माल जुना किंवा भेसळीचा असण्याचा संशय घ्यावा. शिसं १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या वरच्या मर्यादा. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू अजिबात नकोत. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या मालाचा, नमुना वेगळा पाठवा. एका चांगल्या घाण्याचा अहवाल वर्षभर दाखवत राहणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

विषारीपणा तपासणं हे संशोधन संस्थेचं काम, बचत गटाच्या आवाक्याबाहेरचं. पण त्यातला एक हिशेब समजून घ्या. साठ किलोच्या माणसाने रोज ६ ग्रॅम चूर्ण घेतलं तर किलोमागे १०० मिलिग्रॅम होतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने उंदरामध्ये, म्हणजे प्रयोगातल्या मोठ्या पांढऱ्या उंदरामध्ये, याची बरोबरी किलोमागे सुमारे ६२० मिलिग्रॅमशी होते. ९० दिवसांच्या चाचणीत किलोमागे १,००० मिलिग्रॅम ही साधारण वरची मर्यादा धरतात. ‘उंदरांना हजार मिलिग्रॅमपर्यंत काही झालं नाही’ हे वाक्य दणदणीत वाटतं, पण माणसाच्या मात्रेच्या दीडपटीच्या थोडंच पुढे ते जातं. आणि माणसातल्या काहींच्याच प्रतिकारशक्तीशी जुळलेला त्रास निरोगी उंदरांत सहसा दिसतच नाही. म्हणून नुसत्या प्राणी-चाचणीवर विसंबून कुणी ‘सिद्ध झालं’ म्हणालं तर मान डोलावू नका.

आता सासऱ्यांची साखर. १९० वरून १३८ हा फरक खरा असू शकतो, पण तो काढ्यानेच पडला असं अजून म्हणता येत नाही. माणूस काढा सुरू करतो तो साखर खूप वाढलेली दिसल्यावर. त्या घाबरण्यात गोड कमी होतं, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, चालणं सुरू होतं. आणि अगदी वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपसूकही थोडा खाली येतो. घरच्या यंत्रात चांगल्या दर्जाचं असूनही १५ टक्क्यांपर्यंतचा फरक धरतात, म्हणजे १३८ प्रत्यक्षात ११७ ते १५९ मधलं काहीही असू शकेल. बोटाला गुळाचा किंवा फळाचा अंश राहिला तर आकडा विनाकारण चढतो. तेव्हा दोन ते तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी धरा. यकृताचे आकडे ठीक आले आणि डॉक्टर हो म्हणाले तर असं करता येईल : आज एचबीए१सी, मग गोळ्या, जेवण, चालणं तसंच ठेवून तीन महिने काढा बंद, पुन्हा एचबीए१सी. नंतर तीन महिने तोलून-मापून काढा आणि पुन्हा तपासणी. काढ्याच्या काळात यकृताची तपासणी चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात. मध्येच गोळी बदलली तर हिशेब मोडला, तो नव्याने मांडायचा. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नाची शिसारी, अंगाला खाज, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी काढा बंद आणि दवाखाना. आणि काढ्यासाठी गोळ्या कमी करायच्या नाहीत. ते फक्त डॉक्टर ठरवतील.

एका माणसावरून गावासाठी निष्कर्ष निघत नाही. एचबीए१सीमधला अर्ध्या टक्क्याचा फरक नीट पकडायचा तर काढ्याच्या आणि तुलनेच्या अशा दोन्ही गटांत सुमारे ६३ माणसं लागतात, मधेच सोडून जाणारे धरून जास्तच. कुणाला काय मिळालं हे त्यांना कळू द्यायचं नसतं, म्हणून तुलनेचा काढाही तितकाच कडू हवा. पण कारलं, मेथी, किराईत वापरून चालणार नाही, कारण त्यांचाही साखरेवर परिणाम होत असल्याचा संशय आहे. अशा अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत आधी नोंद लागते. हे होऊ शकतं. सर्पगंधा आपल्याकडे फार जुनी, पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब मोजून तिचा परिणाम प्रसिद्ध केला आणि जगाने तिची दखल घेतली. पुढे तिच्यातलं रिसरपिन हे द्रव्य सर्वत्र वापरात आलं, तेव्हा काही रुग्णांना खोल नैराश्य येतं हेही दिसलं. मोजमाप झालं म्हणून फायदा कळला, आणि मोजमाप चालू राहिलं म्हणून धोका कळला.

गटापुढचे रस्ते असे. ‘साखरेवरचं औषध’ हे शब्द वेष्टनावर, फलकावर किंवा मोबाइलवरच्या संदेशातही नकोत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात ज्या आजारांवर बरं करण्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत मधुमेह आहे. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवाना हवा. त्यासाठी ठरावीक जागा, यंत्रं आणि पात्र तज्ज्ञ लागतात. नव्या गटाने यात लगेच उडी घेऊ नये असं माझं मत आहे. तुमच्यासाठी मला तिसरा रस्ता पटतो : ओळख पटवलेली, नीट वाळवलेली, घाण्यागणिक नोंद असलेली कांडी परवानाधारक औषध उत्पादकाला कच्चा माल म्हणून पुरवणं. आज बाजारात नेमकं हेच सहज मिळत नाही. पोत्यावर वेलीची जागा, तोडणीची तारीख, वाळवणीचे दिवस आणि अहवालाचा क्रमांक असला की तुमच्या मालाला भाव मागता येतो. यात गटाला कुणाच्या यकृताची जोखीम अंगावर घ्यावी लागत नाही. वेल रानातून आणणार असाल तर आधी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी आणि वनखात्याशी बोला. त्यापेक्षा लावलेली बरी. तिचं छिन्नरुहा हे नाव उगाच नाही, वीतभर कांड रोवलं तरी फुटतं.

सासूबाईंना समजावायला जाऊ नका. त्यांच्याकडून लिहून घ्यायला बसा. कोणत्या झाडावरची वेल त्या घेतात आणि कोणत्या टाळतात, कोणत्या महिन्यात तोडतात, कांड केवढं, किती पाण्यात, किती वेळ, कुणाला देत नाहीत, किती दिवसांनी थांबवायला सांगतात. शेवटचे दोन प्रश्न नक्की विचारा. जुनी माणसं बहुतेक वेळा असा काढा ठरावीक दिवस देऊन बंद करायला सांगत. सात महिने रोज घेण्याची पद्धत त्यांची स्वतःची आहे की सासऱ्यांनी आपल्या मनाने लांबवली, हे त्यांच्याच तोंडून ऐका. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहा, दुसऱ्यावर त्या साठ जणांची यादी : कधीपासून घेतात, रोज की अधूनमधून, इतर कोणती औषधं चालू आहेत, बंद केलं असेल तर का.